आत्याची बोटे आणि माझी बटणे

मित्रांनो, तुम्ही पुस्तक उघडता आणि डोळ्यांनी वाचता. माझ्या घरच्या वाचकाला ते जमत नाही, म्हणून तिच्यासाठी मी मोठ्याने वाचतो. बोलक्या पुस्तकांचा एक जुना प्लेअर, एवढीच माझी ओळख. आकाराने जेवणाच्या डब्याएवढा, रंगाने कधीकाळी पांढरा आणि स्वभावाने जरा हट्टी.

कारखान्यात माझे सगळे भाग जोडून झाल्यावर मला एका तपासनीस बाईंच्या हाती दिले गेले. त्या बाईंना दिसत नव्हते. त्यांनी माझ्या एकेका बटणावरून अंगठा फिरवला. सुरू करायचे गोल बटण, मागेपुढे नेणारी त्रिकोणी, आणि आपण पुस्तकात कुठे आहोत ते सांगणारे चौकोनी. एक त्रिकोण त्यांना बोथट लागला, तर त्यांनी मला सरळ माघारी धाडले. त्या वेळी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण बटण बदलून घेतल्यामुळेच मी पुढे आत्याच्या उपयोगी पडलो, हे कबूल करायला हवे.

माझी वाचक म्हणजे ही आत्या. तिलाही दिसत नाही; बोटांनी चाचपत ती वेताच्या खुर्च्या विणते. भावाच्या घरातली मागची खोली हाच तिचा कारखाना. तिथे पाण्याच्या बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत असतात, भिंतीला खुर्च्यांचे सांगाडे टेकलेले असतात आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास भरलेला असतो. मला खिडकीत जागा मिळाली. ग्रंथालयाकडून टपालाने जाड पाकिटात डिस्क यायच्या. आत्या डिस्क माझ्या पोटात सरकवायची, गोल बटण दाबायची आणि विणायला बसायची. सरळ वीण असली की ती माझा वेग वाढवायची, कडेचे नाजूक काम आले की कमी करायची. ती उठून गेली तर कुठे थांबलो ते मी लक्षात ठेवायचो.

माझे कौतुकही खूप झाले, बरे का! सांगाडे घेऊन येणारे सुतारदादा काम संपले तरी हलायचे नाहीत. म्हणायचे, "एवढं प्रकरण संपू दे, मग उठतो." प्रकरण संपायचे, पण दादा काही उठायचे नाहीत. "तुमचा हा डबा रेडिओपेक्षा बरा," ते आत्याला सांगायचे, "मध्येच जाहिराती करत नाही." डबा हा शब्द मला आवडला नाही, पण बाकीचे मी आनंदाने ऐकून घेतले.

मग एका मोठ्या कादंबरीचा पहिला भाग आला. दोन नावाडी भाऊ, होडी एकच, आणि दोघांमध्ये अबोला. आत्या त्या भावांमध्ये पुरती अडकली. पहिला भाग अगदी ऐन भांडणात संपला. दुसऱ्या भागाची ती वाट पाहत होती, तेवढ्यात ग्रंथालयाने कळवले की डिस्क बंद झाल्या, यापुढे पुस्तके फोनवरच मिळतील.

घरात आत्याची भाची आहे, नुकतीच नोकरीला लागलेली. तिने पहिल्या पगारातून आत्याला नवा फोन आणला. दुसरा भाग त्यात उतरवला, स्वतःच्या बोटाने सुरू करून दाखवला. आवाज छानच होता, खोटे कशाला बोलू! आत्याचा चेहरा उजळला. मला कपाटावर, वेताच्या भेंडोळ्यांमागे ठेवले गेले आणि मी धूळ खात पडलो.

तिथून मला सारे ऐकू येत होते. भाची कामावर गेली की आत्या फोन हातात घ्यायची. काचेवर बोट टेकवायची. फोन गप्प. पुन्हा टेकवायची, दाबायची, घासायची. फोन ढिम्म. वर्षानुवर्षे वेत ओढून तिची बोटे टणक झाली आहेत आणि त्या गुळगुळीत काचेला अशा बोटांचा स्पर्श कळतच नव्हता. मला मात्र ती बोटे कळत होती. माझी बटणे तिच्या हाताखाली कधी मुकी राहिली नाहीत. कपाटावर बसून मला फार वाईट वाटत होते.

पण आत्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पोरीने एवढ्या हौसेने आणलेला फोन, तिला कसे सांगायचे? संध्याकाळी भाची विचारायची, "ऐकलंस का गं आज?" आणि आत्या बेधडक थापा मारायची. थोरल्या भावाला तिने परदेशी पाठवले, तिथे त्याचे लग्न लावले, त्याला जुळी मुलेही दिली. गोष्ट चांगली चालली होती. पण एके दिवशी भाचीने दुसऱ्या भागाची सुरुवात स्वतः ऐकली.

"आत्या, त्याचं लग्न कुठे झालंय? तो तर होडी सोडून हलतही नाही!"

आत्याने बादलीतली एक पट्टी उपसली. मग म्हणाली, "मन लागत नाही गं आताशा पुस्तकात. वय झालं."

भाचीला ते पटले नाही. तिने आत्याचा हात धरला आणि बोट काचेवर टेकवले. काहीच झाले नाही. तिने ते टणक टोक चाचपून पाहिले आणि तिला सगळे कळले. "मला सांगायचं नाही होय गं?" एवढेच ती म्हणाली आणि आत्याला बिलगून रडली.

त्याच दिवशी मी खाली उतरलो. भाचीने मला पुसले, नवी वायर आणली आणि फोनमधले पुस्तक पेन ड्राइव्हवर घालून माझ्या कुशीत खोचले. मी म्हणालो, "हे पुस्तक मला वाचता येत नाही." मी हट्टी आहे म्हणून नव्हे, मित्रांनो. नव्या पुस्तकांची बांधणीच वेगळी, ती मला उलगडत नाही. मग भाचीने त्यातले नुसते आवाजाचे तुकडे वेगळे काढून मला दिले. तुकडे होते, पण त्यांची अनुक्रमणिका मागेच राहिली. अनुक्रमणिका नसली की मी तुकड्यांच्या नावांतले आकडे डावीकडून पाहतो. एकानंतर मला दहा दिसतो, कारण त्याच्याही सुरुवातीला एकच असतो. मग अकरा, बारा, आणि सगळ्यांच्या मागून दोन. मी मोठ्या इमानाने तसेच वाचले.

आत्या खुशीत ऐकत होती. संध्याकाळी ती भाचीला म्हणाली, "लेखक भलताच हुशार आहे हं! थोरला बुडून मेला, आणि पुढच्याच प्रकरणात होडीला डांबर लावत शीळ घालतोय. मेलेल्याला परत आणलं की!"

भाचीने कपाळावर हात मारला. आकडे बघितल्यावर तिला हसू आवरेना. मग तिने ग्रंथालयाला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून आम्ही सगळेच ऐकत होतो. तिथले तंत्रज्ञ सज्जनपणे म्हणाले, "जुन्या प्लेअरला चालेल अशा बांधणीत हेच पुस्तक देता येतं. अवघड काहीच नाही. पण कुणी मागेचना, एक तक्रारसुद्धा आली नाही, म्हणून आम्ही ते बंद केलं."

आत्याने वेत खाली ठेवला. हात पुसले आणि फोन मागून घेतला.

"तक्रार कशी येणार, साहेब? तीसुद्धा तुमच्या काचेवर बोट टेकवूनच करायची ना! आता मी मागतेय. मला द्या. आणि माझ्यासारखे जे गप्प झालेत ना, त्यांना एकेकाला फोन करून विचारा."

पलीकडून कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "विचारतो, ताई."

पुस्तक आले, या वेळी अनुक्रमणिकेसकट. मी ते एकापाठोपाठ एक वाचत गेलो. धाकटा बोलायला धावत आला, पण तोवर होडी उलटली होती. थोरला गेला तेव्हा आत्याचे हात थांबले आणि ती रडली. या वेळी तो परत आला नाही. तिने गोल बटण दाबून मला थांबवले आणि बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसली.

मित्रांनो, मी काही कायमचा नाही. एक दिवस माझाही आवाज बसेल. नवी यंत्रे जरूर आणा, ती माझ्याहून गोड बोलतात. पण कुणी वाचक अचानक गप्प झाला, तर त्याला पुस्तकांचा कंटाळा आला असे समजू नका. जवळ बसा आणि त्याचा हात हातात घेऊन बघा. मला अडगळीत टाकायची वेळ आली तर खुशाल टाका. पण आधी आत्याच्या बोटांना ओळखणारे दुसरे कुणी तिच्या हाती द्या. मग मी निवांतपणे गप्प होईन.