मिलोने दिलेला डाख

मी एक कापलेला रेडिएटर आहे. जुनाही आहे, पण आधी कापला गेलो आणि मग जुना झालो. मित्रांनो, हा क्रम ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कर्मकहाणी त्यातच आहे.

माझा जन्म एका ट्रकसाठी झाला. तांब्याच्या नळ्या, पितळी टाक्या आणि वर एक रुंद तोंड. इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्याकडे यायचं, मी ते वाऱ्यावर निववून परत पाठवायचो. बारा वर्षं नेब्रास्काचा मका वाहिला, पण इंजिन एकदाही उकळू दिलं नाही. शाबासकी कुणी दिली नाही. आमच्या जातीला फक्त शिव्या मिळतात.

ट्रक मोडीत निघाला तेव्हा मिलो व्होंद्राने मला उचलून आणलं. मिलो आणि त्याचा थोरला भाऊ लॅड शेतावरच्या शेडमध्ये हॉट रॉड बांधत होते. म्हणजे वीस वर्षांची म्हातारी गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापून बुटकं करायचं, पोट जमिनीला टेकेल इतकी ती खाली बसवायची आणि तिच्यात दांडगं इंजिन कोंबायचं. हे इंजिन एका ठोकलेल्या शववाहिकेतलं होतं. लॅडला त्याची भारी मजा वाटायची. "आजवर मेलेल्यांना सावकाश नेलंस," तो इंजिनावर थाप मारून म्हणायचा, "आता जरा जिवंतांना पळव!"

गाडी लॅडची, शेड लॅडचं, बोलणंही लॅडचंच. हात तेवढे मिलोचे. गावात रुझीच्का म्हाताऱ्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे मिलो आठ वर्षं डाख द्यायला शिकला होता, म्हणजे कथील वितळवून पितळ पितळाला सांधायला. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. "बर्फ पडायच्या आत दुकानाच्या किल्ल्या तुझ्या," असं त्याने मिलोला सांगून ठेवलं होतं. त्या भरवशावर मिलोची बायको अल्मा दुकानावरच्या दोन खोल्यांसाठी पडदेही शिवून बसली होती.

इंजिन बसलं, पण मी काही बसेना. लॅडला गाडीचं नाक झुकलेलं हवं होतं आणि मी त्या नाकावरून चार इंच वर डोकावत होतो.

"काप त्याला," लॅड म्हणाला.

"कापतो. पण मग याचं तोंड इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली जाईल," मिलो म्हणाला. "पाणी भरलं की हा काठोकाठ दिसेल, पण इंजिनाच्या माथ्यात हवा कोंडून राहील. तिथे पाणी पोचायचंच नाही. आपण वर एक छोटी टाकी बसवू आणि तिच्यातून भरू."

"माझ्या गाडीच्या डोक्यावर बादली?" लॅड खो खो हसला. "त्यापेक्षा तू कोंबड्यांसाठी पाण्याचं भांडं बनव. तेवढंच झेपेल तुला."

भावापुढे मिलो नेहमीच नमतं घेत आला होता. त्याने मला करवतीने कापलं, आणि खोटं कशाला सांगू, फार दुखलं. मग त्याने वरची टाकी परत माझ्या अंगाला जोडली, इतक्या हळुवारपणे की दुखणं मी विसरलो. मला पाण्यात बुडवून आत हवा भरली, तर एक बुडबुडा आला नाही. रुझीच्का म्हातारा मुद्दाम बघायला आला. सांध्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, "मी ऐन उमेदीत असा डाख दिला नव्हता, पोरा." आमच्या दोघांच्या वाट्याला आलेली ती शेवटची शाबासकी.

ऑगस्टमधला रविवार होता. लढाईच्या काळातल्या ओसाड विमानपट्टीवर शर्यती होत्या. चर्च सुटल्यावर आमचं सगळं गाव, चेक देशातून आलेल्यांचं, खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, घेऊन तिथे जमलं होतं. तिसऱ्या फेरीला, पट्टीच्या पार टोकाला, मिलोने सांगितलं होतं तेच झालं. इंजिनाच्या माथ्यात नुसती वाफ झाली आणि ती माझ्यात शिरली. मी थरथरू लागलो आणि लॅडला गाडी थांबवून उतरावं लागलं.

मिलो धावत आला. "हात लावू नकोस! अर्धा तास निवू दे." तो वाकून माझा सांधा न्याहाळू लागला.

लांबून लोक ओरडत होते, "लॅड, बटाटे शिजले का रे?"

लॅडला ते सहन होईना. "तुझ्या अर्ध्या तासात माझी अब्रू जातेय," असं म्हणत त्याने हाताला रुमाल गुंडाळला आणि माझं झाकण फिरवलं. मिलोचं तोंड तिथून वीतभर अंतरावर होतं, पण नजर खाली सांध्यावर; लॅडचा हात त्याला दिसलाच नाही.

मित्रांनो, उकळतं पाणी अडवणं माझ्या हातात नसतं. मिलोचा उजवा डोळा गेला. तोंड झाकायला वर केलेले दोन्ही हात कायमचे आखडले. झाकण उडून गवतात पडलं. लोक धावत पोचले तेव्हा वाफेशिवाय काही दिसत नव्हतं, आणि खाली पडलेल्या भावाकडे वळण्याआधी लॅड ओरडला, "याचाच डाख सुटला! याचाच डाख!"

डोळे मिटून तळमळणाऱ्या मिलोने ते ऐकलं, आणि त्याला ते खरं वाटलं.

त्याच संध्याकाळी लॅडने मला उपटून शेडमागे भिरकावलं. दुसरा रेडिएटर आणला आणि इंजिनावर एक छोटी टाकी बसवली. "माझीच युक्ती," तो सगळ्यांना सांगायचा. रुझीच्का इस्पितळात जाऊन आला. "मला तो सांधा पक्का वाटला होता," तो म्हणाला, "म्हातारपणी नजर दगा देते." किल्ल्या दुसऱ्याच माणसाला मिळाल्या.

एकट्या अल्माला ते पटेना. ऑक्टोबरमध्ये ती शेडमागे आली. माझ्या दोन्ही नळांत तिने मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं बुचासारखी ठोकून बसवली, मला भिंतीला उभं केलं आणि बादलीभर पाणी आत ओतलं. तासभर समोर बसून राहिली. थेंब गळला नाही.

"मिलो, ये, बघ तरी! टिपूस गळत नाही!"

"तुला डाखातलं काय कळतं?" तो शेतावरच्या घराच्या खिडकीतून म्हणाला. "बघू उद्या."

ती पाणी तसंच ठेवून गेली, त्याने स्वतःच्या डोळ्याने बघावं म्हणून. ते पाणी मी जिवापाड सांभाळलं. मिलोची साक्ष होती ती! अल्मा रोज त्याला बोलवायची, तो रोज उद्यावर ढकलायचा. एकदा शेडच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि माघारी फिरला. सांधा खरंच सुटलेला दिसेल याची त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

मग एका रात्रीत थंडी उतरली. माझ्या पोटातल्या पाण्याचा बर्फ झाला आणि तो फुगू लागला. मिलोचा डाख दोन रात्री झुंजला. तिसऱ्या रात्री काड्कन आवाज झाला आणि सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत उलला. वर बर्फ साचला. कुणाला काही दिसलं नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर अल्माने त्याला अक्षरशः ओढत आणलं. तो गुडघ्यावर बसला. आखडलेलं बोट त्या फटीतून फिरवलं.

"हे थंडीने झालंय!" अल्मा किंचाळली. "मीच पाणी काढायला विसरले, मिलो! तेव्हा शाबूत होता, देवाशपथ!"

"हो गं, थंडीनेच," तो तिची समजूत काढत म्हणाला. "माझं मन राखायला किती खोटं बोललीस तू सगळा हिवाळा!"

तेवढ्यात लॅडची गाडी धडधडत बाहेर पडली. "झालं का समाधान?" त्याने खिडकीतून विचारलं.

"झालं," मिलो म्हणाला.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. माझं मागणं एवढंच आहे, की थंडी पडण्याआधी माझ्यासारख्यांच्या पोटातलं पाणी काढत जा. आणि कुणावर बोट रोखलं गेलं, तर बघायला जा, तेही थंडी पडण्याआधीच.