लटारूची व्हॉल्व्हवाली मशीन

लटारूची मशीन बसली, तर जावई उभा राहणार होता. मशिनी दुरुस्त करणाऱ्या कमरुद्दीनचा हिशेब एवढाच. दिवाळी सरली की वडशाभोवती गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई म्हटली की नाटक, अन् नाटक म्हटलं की लटारूचे भाड्याचे भोंगे. जाहिदच्या भोंग्यांच्या नव्या ट्रान्झिस्टर सेटला कुत्रं विचारत नव्हतं. जाहिद म्हणजे कमरुद्दीनच्या कनीजचा नवरा.

लटारूनं हातगाडीवरून मशीन आणली. बापाच्या वेळचा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर.

"घंटाभर चालते, मंग एक व्हॉल्व्ह लालभडक होते. तुमच्याशिवाय कोनाले हात लावू देत नाई मी, कमरुद्दीनभाऊ."

मीटर लावताच दोष सापडला. चिंचोक्याएवढा कंडेन्सर गळत होता. त्यातून झिरपणाऱ्या विजेनं पुढचा व्हॉल्व्ह बेलगाम तापायचा. कमरुद्दीननं कंडेन्सर तसाच ठेवला. व्हॉल्व्ह नवा घातला अन् फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळली. थोडे दिवस मशीन गोड बोलणार, मग तापणार. फ्यूज नाही म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मरच जळणार. तसला ट्रान्सफॉर्मर आता नागपुरातही मिळत नव्हता.

"तुमच्या नातवापर्यंत चालन," तो म्हणाला. लटारू पाया पडायचाच बाकी राहिला.

इथवर सगळं चोख होतं. बिघडलं ते नाल्यापाशी.

झाडीपट्टीतल्या नाटक मंडळांची रीत अशी, की भोंगे ठरवायच्या आधी पुढारी शेजारच्या गावाच्या शिवेवर जाऊन उभा राहतो. तिथं आवाज पोचला तर काम, नाहीतर चहा पिऊन घरी. जाहिदचा सेट नाल्याअलीकडेच दमला.

"बाबू," मंडळाचा वारलू म्हणाला, "तुह्या भोंग्यानं आमची म्हैस उठली नाई. पल्याडचे लोक काऊन उठतीन?"

जाहिदला ते झोंबलं. तो तडक लटारूकडे गेला. लटारूचे गुडघे गेले होते, त्याला मशीन विकायचीच होती. सौदा झाला.

कमरुद्दीनला हे कळलं मंडईच्या दिवशी, दुपारी, मांडवात. समोर तीच मशीन, शेजारी जाहिद अन् लटारू. कनीजनं पदर कानांवरून घट्ट ओढलेला.

"कान काऊन झाकले?"

"मशीनसाठी झुमके मोडले, अब्बा. लटारूकाका म्हणे, तुमच्या बापाच्या हातची हाय, डोळे मिटून घ्या."

"अब्बा, एकदा खोलून पाहता का?" जाहिदनं पेचकस पुढं केला.

खोललं असतं तर कंडेन्सर चहा निवायच्या आत बदलला असता. पण लटारू वाकून बघणार, अन् फ्यूजच्या जागची तार ओळखायला त्याला मीटर लागत नव्हतं.

"माह्या हातची हाय," कमरुद्दीन म्हणाला. "काय पाहाचं त्यात?"

दुसऱ्या अंकात मशीनमधून धूर निघाला.

सकाळी मशीन त्याच्याच टेबलावर आली. सगळ्यांकडे पाठ करून कमरुद्दीननं ती उघडली, आधी तार खिशात घातली, मग वळला.

"भोंग्याची जोडणी सुटली असन अन् यानं तशीच चालू ठेवली. बिनभोंग्याची चालवली का ट्रान्सफॉर्मर जळतेच."

"तरी म्हणून राह्यलो," वारलू बोलला, "पोराले अनुभव नाई."

जोडणी सुटलीही असेल, असं जाहिदलाच वाटू लागलं होतं.

लटारूच्या डोक्यावरचं ओझं गेलं. वारलूच्या गावाला अर्धं का होईना नाटक मिळालं. कमरुद्दीनच्या हाताचं नाव शाबूत राहिलं. भरलं ते कनीजनं. भोकं बुजू नयेत म्हणून तिच्या कानांत आता झाडूची काडी असते.