मालनबाईच्या पोटातली आग

उसाच्या फडात मोळी उचलता उचलता मालनबाई मटकन खाली बसली. पोटात निखारा ठेवल्यागत झालं. तिचा नवरा श्रीमंत कोयता टाकून धावला.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. पित्त हाय नेहमीचं."

पाथर्डीकडून काष्टीला ऊसतोडीला यायला लागल्यापासूनचं हे दुखणं. उपाशी राहिलं की जळायचं, खाल्लं की फुगायचं. ओवा झाला, सोडा झाला, अंगारासुद्धा लावून झाला. पण चार-पाच दिवसांपासून तिला शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिची आई अशीच गेली होती, पोटात गाठ होऊन. तोंडातून काढलं की खरं ठरंल, या धास्तीनं ती गप्प होती.

श्रीमंतनं हात धरला. हात बर्फागत गार.

"मालन, खरं सांग."

"आईगत व्हतंय मला," ती हुंदका देत म्हणाली. "काळं पडतंय."

श्रीमंतनं तिला तसंच गावात नेलं. काष्टीच्या डॉक्टरनं तिची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाला, "अंगात रक्तच नाही. आत्ताच्या आत्ता नगरला न्या."

दोघांनी नगरची एष्टी धरली. दवाखान्यात घशातून नळी घालणार म्हटल्यावर मालनबाईनं डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला. "बाई, गाठ दिसली तर मला सांगू नका. ह्यास्नी बी सांगू नका. लई भित्रे हायेत."

नळी निघाली. बाई म्हणाल्या, "गाठ दिसत नाही. जठरात जखम आहे, त्यातून रक्त झिरपतंय. तुकडा तपासायला पाठवू. गोळ्या कसल्या खाता?"

"कंबर धरती म्हनून मीच देतो," श्रीमंत म्हणाला. "किराणा दुकानातल्या. रोज पहाटं."

"उपाशीपोटी?"

"कोऱ्या च्यासंगं."

"त्या गोळ्यांनीच केलंय हे."

श्रीमंत भिंतीला टेकला. "म्हंजी मीच मारीत हुतो व्हय हिला?"

मालनबाईनं पदरानं तोंड पुसलं. "गप बसा. तुमी कंबर बघितली. पोट कुनाला दिसतंय?"

रक्ताच्या बाटल्या चढल्या. दुकानातल्या गोळ्या बंद, मिसरी बंद, औषध न चुकवता, आणि वेळच्या वेळी पोटात अन्न, असं बाईंनी बजावलं. तुकड्याचा निकाल येईस्तोवर दोघं दवाखान्यातच थांबली. निकाल चांगला आला, तेव्हा श्रीमंत दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरागत रडला.

पुढच्या हंगामात मालनबाई पुन्हा फडात उभी राहिली. दुसरं करणार तरी काय? सकाळी ती बांधावर भाकरीचं फडकं सोडून बसली, तसा टोळीचा मुकादम खेकसला, "ए मालन, ट्रक खोळंबलाय! ऊठ!"

श्रीमंतनं दचकून तिच्याकडं बघितलं. तिनं पहिला घास तोंडात घातला. मुकादमाकडून हंगामाची आगाऊ उचल घेतलेली, तो उद्या ती परत मागून घरी हाकलून देईल.

"खोळंबू द्या," ती म्हणाली. "माजी भाकर व्हायचीय."

आणि तिनं दुसरा घास मोडला.