सख्ख्या भावाची मांडी

"काका, करदोटासुद्धा काढा. त्याला चांदीची कडी आहे," एमआरआय मशीनवाली मुलगी म्हणाली, तेव्हा भिमा एवढा लाजला की सयाजी चाकाच्या खुर्चीत बसूनही खो खो हसला.

खरं तर फोटो काढायचे ते सयाजीचे, थोरल्याचे. मणका मोडल्यापासून त्याच्या कमरेखाली जीव नव्हता. पुण्याच्या या दवाखान्यात अशा माणसांच्या मांडीत स्नायू किती उरतो ते मोजत होते. पण उरला किती हे कळायला मुळात होता किती हे ठाऊक हवं. म्हणून तुलनेला सख्खा भाऊ, धाकटा भिमा.

"रक्त एक, खाणं एक, कामही एक," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. "याहून चांगली जोडी कुठे मिळणार?"

जोडी म्हटल्यावर भिमाला बेल्ह्याचा बाजार आठवला. टेम्पोत बैल चढवताना सयाजी फळीवरून पाठीवर आपटला होता. बैल बिथरलेले. भिमाने मागचापुढचा विचार केला नाही. लंगडं मेंढरू घेतात तसा भावाला मानेवर आडवा टाकला आणि दम खात, थांबत थांबत रस्त्यापर्यंत नेला. त्यांच्या घरात दुखावलेलं जनावर असंच उचलत. उचलला तेव्हा सयाजी पाय झाडत होता. उतरवला तेव्हा झाडत नव्हता. हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं समजून भिमा इतकी वर्षं त्याचं हगणंमुतणं काढत आला होता.

दुपारी बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि स्नायूभोवती रेघ ओढली. भिमाची रेघ मोठी, गोल. सयाजीची निम्म्यातच मिटली. भोवती नुसती पांढरी चरबी. हाड तेवढं दोघांचं सारखं होतं.

"माज्या वाटचं बी ह्योच खातोय, बाई," सयाजी म्हणाला. सगळे हसले. भिमाला हसू आलं नाही.

"पडल्यावर उचललं कसं होतं?" बाईंनी विचारलं.

आता सांगून टाकावं, म्हणून भिमाने तोंड उघडलं.

"फळीवर घालून," सयाजीच बोलला. "ह्यानंच फळी आनली. लई जपून नेलं मला."

"शहाणे आहात, काका. लोक कसंही उचलतात, मग हलणारे पायसुद्धा जातात."

ते शहाणपण भिमाला त्यांचं गाव कळंब येईपर्यंत टोचत राहिलं. अंधारायच्या आत जीप घराच्या चढणीखाली थांबली.

"दादा, तुला ठावं व्हतं?"

"पाय माजं व्हतं, भिमा. मला नाय तर कुणाला ठावं असनार?" सयाजीने त्याच्या गळ्यात हात टाकले. "चल, उचल आता. जीपवाला खोळंबलाय."

भिमाने त्याला दोन्ही हातांवर अलगद घेतला आणि चढण चढला. त्या दिवसासारखं कुठेतरी थांबावं लागेल, दम लागेल, असं त्याला फार वाटत होतं. पण घराचा उंबरा आला तरी दम लागला नाही.