नोरीन शिडीवर आहे

"हलवू नकोस रे मॉसी. पडले तर तुझ्याच अंगावर पडेन."

"पड की. मागच्या आठवड्यात तुझा पक्ष आपटला, तेव्हा आम्ही मेलो का?"

नोरीन किलकॉयन दिव्याच्या खांबाशी शिडीवर उभी, हातात कात्री, आणि नाकासमोर खासदार डोनलचा हसरा चेहरा. खाली लिहिलेलं, 'युरोपला हो म्हणा'. आणि गावानेच काय, अख्ख्या आयर्लंडने युरोपच्या त्या कराराला चक्क नाही म्हटलं होतं!

मतदानानंतर आठवड्याभरात पोस्टरं उतरली नाहीत तर दंड बसतो. लावताना पक्षाची गाडी आली, पोरं आली, सँडविचेससुद्धा आली. उतरवायला कुत्रंही फिरकलं नाही. उरली एकटी नोरीन. दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे आणि उरलेल्या वेळात पक्षाच्या शाखेचं चिटणीसपद सांभाळायचं, हेच तिचं आयुष्य. गावात तिला मान होता तो त्या चिटणीसपदाचा. बटाट्यांना कोण विचारतो?

उंच शिडी गावात एकच, नि ती मॉसीची. मॉसी मच्छीमार, आणि 'नाही'वाल्यांचा म्होरक्या. तरी तिने मागितली, आणि तो शिडीबरोबर स्वतःही आला.

"खरं सांगू?" मॉसी खालून म्हणाला. "तू प्रचाराला दारात आलीस तेव्हा मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग विचारलं, करारात आहे काय, तर म्हणालीस, डोनल म्हणतो चांगला आहे."

"मग काय सांगणार? वाचायला घेतला आणि दुसऱ्या पानावर झोपले."

दोघं इतके हसले की शिडीही हलली. तेवढ्यात गाडी येऊन थांबली. काच खाली झाली, आणि पोस्टरवरचाच चेहरा बाहेर डोकावला, फक्त हसू वजा.

"नोरीन, खाली ये जरा."

"बोल की डोनल, ऐकू येतंय."

डोनलने मॉसीकडे पाहून आवाज हळू केला. पण शिडीवरच्या माणसाशी कुजबुजता थोडंच येतं?

"डब्लिनहून, पक्षाच्या कचेरीतून विचारणा झालीये. आपलं गाव इतकं उलटलं कसं? कोणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. आज शाखेच्या सभेत तूच चिटणीसपद सोड. तब्येत बरी नाही म्हण."

"तब्येत? अरे, मी शिडीवर आहे."

"नोरीन, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. त्यात ही शिडी कुणाची, सगळ्यांना माहितीये."

नोरीन म्हणाली, "पदावरून काढायचं तर काढ. पण मला आजारी म्हणू नकोस."

"मग सभेला येऊ नकोस. मी बघतो."

"आणि ही पोस्टरं?"

"काढेल कोणीतरी."

गाडी गेली. नोरीनने पोस्टरचा पट्टा कापला, डोनलला बगलेत मारलं आणि खाली उतरली.

"अजून चर्चपुढचे खांब राहिलेत," ती म्हणाली. "तू शिडीचं ते टोक धर."

चर्चला जायचं म्हणजे सभेच्या हॉलवरून जायचं. संध्याकाळचं लख्ख ऊन होतं, दार सताड उघडं. आतून डोनलचा आवाज येत होता, "...नोरीनच्या प्रकृतीमुळे..."

मॉसी थबकला. बोलायला त्याने तोंड उघडलंच होतं, पण नोरीनने मान हलवली.

"हळू," ती पुटपुटली. "सभा चालू आहे."

आणि शिडी कुठे आपटू नये म्हणून जपत, दोघं दारावरून पुढे गेले.