पाठीच्या शिवणीतलं कापड

कटर मास्तरांनी शेठना चार दिवसांत सहा फोन केले. एकही उचलला गेला नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, फोनला काय पाय फुटणार आहेत? स्वतःच जा."

गेले बिचारे. न जाऊन सांगतात कुणाला! गणवेशाच्या कारखान्यात कटरची जागा होती. तिथला मॅनेजर म्हणाला होता, आधीच्या मालकाच्या दोन ओळी आणा, पाच दिवसांत, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. आधीचे मालक म्हणजे शेठ. एकोणीस वर्षं त्यांच्या दुकानात कात्री चालवली, मग मास्तरांना स्वतःच्या दुकानाची हौस आली. ते दोन वर्षांत बसलं. हौसेला मोल नसतं म्हणे!

शेठनी त्यांना गिऱ्हाइकांच्या बाकावर अर्धा तास बसवून ठेवलं. मग आले ते राखाडी कोट घालून, मास्तरांनीच कापलेला. बटणं बिचारी जीव मुठीत धरून होती.

"दोनच ओळी हव्या होत्या शेठ. इतकी वर्षं काम केलं, एवढंच."

"केलंत ना. जाताना माझी गिऱ्हाइकंही नेलीत. तेही लिहू?"

"तिघंच आली होती. तीही तुमच्याकडेच परतली."

"आणि प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडायचात, ते? सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा. असल्या उधळ्या माणसाची शिफारस मी करू? जमणार नाही."

मास्तर उठले. भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. दारापाशी पोचले तेवढ्यात शेठ मागून म्हणाले, "हा कोट पोटावर आवळतोय. नवा कटर म्हणतो, आता सैल होणार नाही."

"पाठीची शिवण उसवायला सांगा. आत दोन बोटं आहे कापड."

एवढं सांगून निघायचं ना! पण हात कसला गप्प बसतोय. टेबलावरचा खडू उचलला, शेठना पाठमोरं उभं केलं आणि मानेपासून खालपर्यंत खुणा करून दिल्या. शेठ म्हणाले, "हं." आणि गिऱ्हाइकाकडे वळले. पत्राचं नाव नाही.

घरी बायको दारातच उभी होती. "दिलं पत्र?"

"नाही."

"मग इतका वेळ काय करत होतात?"

मास्तरांनी बोटांवरचा खडू विजारीला पुसला. "त्यांच्या कोटाला खुणा करत होतो."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती आत निघून गेली.