नवी चाकं पुढं की मागं

क्लेर्मोंनी पंचवीस सेंटचं नाणं टायरच्या खाचेत उभं खुपसलं आणि वाकून पाहिलं. नाण्यावरच्या कॅरिबू हरणाचं नाक रबरात जेमतेम बुडालं. नाक बुडालं तर टायर हिवाळा काढतो, बाहेर दिसलं तर भंगारात. सरोवराकाठच्या गावांतली ही परीक्षा त्यांना बापानं शिकवली होती, आणि नाक बुडालं म्हणजे सगळं ठीक, असंच ते उभ्या आयुष्यात समजत आले होते.

"बुडालं का?" नोएमीनं विचारलं.

"बुडालं."

"मग चेहरा असा का? तुमच्यापेक्षा तो कॅरिबू बरा. निदान बघतो तरी."

त्यांनी नाणं खिशात टाकलं. नोएमी त्यांच्या लेकीची, सिल्वीची मुलगी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सोमवारपासून तिला रोज पहाटे रोबेर्वालच्या इस्पितळात जायचं होतं. त्यासाठी ही जुनी गाडी घेतली होती. गाडीबरोबर तीन हिवाळे झिजलेले थंडीचे दोन टायर मिळाले होते, नवे दोन गुरुवारी घेतले. दुकानात पोरगी चकचकीत रिमांपुढं रेंगाळली तेव्हा क्लेर्मों एवढंच म्हणाले होते, "रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ खातं त्यांना. काळ्या लोखंडी घे." आणि थोड्या वेळानं, "खिळ्यांचे टायर घे, बर्फात पकडतात." त्या अख्ख्या दिवसात त्यांच्या तोंडून निघालेले शब्द तेवढेच.

नोव्हेंबरातला हा शनिवार म्हणजे पूर्वी त्यांच्या अंगणातला सणच. एक डिसेंबरच्या आत साऱ्या प्रांतात गाडीला थंडीचे टायर हवेत, हा कायदा. आणि क्लेर्मोंच्या कुटुंबात ते क्लेर्मोंनीच चढवायचे, हा त्याहून मोठा कायदा. लेक, जावई, भाचे, साऱ्यांच्या गाड्या फाटकापर्यंत उभ्या राहायच्या. कुणी मध्ये घुसलं की ते पाना उगारून ओरडायचे, "रांगेत लाव!" त्यांची बायको ह्युगेत स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाटाण्याच्या सुपाचे वाडगे बाहेर द्यायची आणि म्हणायची, "आमच्या ह्यांना कारखान्यानं निवृत्त केलं, आता हे आम्हाला कामाला लावतात."

यंदा अंगणात एकच गाडी होती. भाच्यांनी गावातलं गॅरेज धरलं होतं. सिल्वी तर फेब्रुवारीपासून अंगणात आलीच नव्हती. रविवारी फोन करायची, औषधं घेतली का विचारायची, ठेवायची. तिला वेळ नसेल, असं क्लेर्मों स्वतःला सांगत. ते खरं नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी जॅक लावला, नट सैल केले. हवा उणे आठ होती आणि हातात मोजे नव्हते.

"आजोबा, बोटं बघा. जांभळी पडलीत."

"लागत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. फेब्रुवारीपासून त्यांना काही लागतच नव्हतं. थंडी लागत नव्हती, भूक लागत नव्हती, ह्युगेतच्या दफनाच्या दिवशी रडूही आलं नव्हतं. लोक म्हणाले, क्लेर्मों खंबीर आहे. खंबीर कसला. आतून बधिर झाला होता माणूस.

नोएमीनं नवं चाक डिकीतून काढलं आणि घरंगळत पुढच्या बाजूला नेलं.

"ही दोन पुढं ना? ओढतं तर पुढचंच इंजिन."

क्लेर्मोंच्या हातातला पाना तसाच राहिला. हे वाक्य त्यांचंच होतं. गेल्या नोव्हेंबरात, याच जागी, याच वेळी, ते ह्युगेतला म्हणाले होते. दोन नवे पुढं लावतो, ओढतं पुढचं. मागचे अजून एक हिवाळा निघतील. नाक बुडतंय ना, झालं तर. ह्युगेत म्हणाली होती, तुम्हाला काय ते कळतं. तीन महिन्यांनी सरोवराकाठच्या वळणावर तिच्या गाडीचा मागचा भाग फिरला आणि गाडी आडवी होऊन लाकडांच्या ट्रकसमोर गेली. पोलीस म्हणाले, रस्त्यावर बर्फाची काच झाली होती, दोष कुणाचाच नाही. क्लेर्मोंनी मान हलवली होती. ते वळण रोबेर्वालच्या वाटेवरच आहे.

आता 'हो, पुढं' म्हणायचं, नाहीतर खरं सांगायचं. हो म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं.

"मागं," ते म्हणाले.

"हं?"

"नवी मागं लावायची. पुढचं घसरलं तर हातात स्टिअरिंग असतं, काहीतरी करता येतं. मागचं सुटलं की काहीच करता येत नाही. गाडी फिरते."

नोएमी चाकावर हात ठेवून उभी राहिली.

"आजीच्या गाडीला कुठं लावली होती?"

"पुढं," ते म्हणाले. "मीच लावली होती."

चाक वळवून तिनं मागच्या बाजूला नेलं, गुडघा टेकला आणि तळव्यानं रिम धरून ठेवली. क्लेर्मोंनी नट आवळले, चांदणी काढतात तसे समोरासमोरचे, एकाआड एक. चारही चाकं झाली. आता ही गाडीत बसेल आणि निघून जाईल, असं त्यांना वाटलं, आणि जावंच तिनं, असंही वाटलं.

पण उतरवलेली उन्हाळ्याची चाकं ठेवायची होती. त्यांनी प्रत्येकावर खडूनं खूण केली, पुढचं डावं, पुढचं उजवं, आणि ती शेडमध्ये नेली. भिंतीवरचे चार खुंटे भरलेले होते. ह्युगेतची उन्हाळ्याची चाकं. गाडी थंडीच्या चाकांसकट भंगारात गेली, ही मागं राहिली. तिला खुणा खडूनं नुसत्या लिहायला आवडत नसत. पुढच्या उजव्या चाकावर तिनं टोपी घातलेला म्हातारा काढला होता, कारण ती गाडी चालवताना उजव्या बाजूला बसून सूचना देणारा तोच.

क्लेर्मों बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक चाक उतरवलं आणि खडू पुसला जाऊ नये म्हणून चित्राची बाजू वर करून कोपऱ्यात ठेवलं. चौथं बधिर बोटांतून निसटायला लागलं. नोएमीनं पुढं होऊन ते दुसऱ्या बाजूनं धरलं.

"आजोबा, मला माहीत होतं."

त्यांनी वर पाहिलं.

"आई आजीच्या वस्तू आणायला भंगारवाल्याकडे गेली होती ना. तेव्हा तिनं टायर बघितले. पुढचे नवे, मागचे झिजलेले." ती खाली बघून बोलत होती. "परवा मला म्हणाली, आजोबांकडे जा आणि नवी पुढं लावायची का म्हणून विचार. मागं म्हणाले तर त्यांच्याकडूनच लावून घे. पुढं म्हणाले तर चाकं डिकीत टाक आणि परत ये, एक अक्षर बोलू नकोस."

"नऊ महिने माहीत होतं तिला?"

"हो. वाट बघत होती, तुम्ही कधी बोलाल म्हणून."

क्लेर्मोंना बोटं दुखायला लागली होती. टोकांपासून सुरू झालेली कळ मनगटापर्यंत चढत होती. त्यांनी हात काखेत दाबून धरले.

नोएमीनं फोन काढून आईला दोन शब्द टाइप केले, 'मागं म्हणाले'. त्यांनी तिची गाडी जॅकवरून खाली घेतली, पाना पुसला, तेवढ्यात चर्चच्या कोपऱ्याकडून एक निळी गाडी आली आणि फाटकाशी थांबली. मागच्या सीटवर चार चाकं रचलेली दिसत होती. सिल्वीनं काच अर्धी खाली केली. तिचे डोळे सुजलेले होते. कधीपासून तिथं उभी होती कोण जाणे.

"बाबा," ती म्हणाली. "माझी आज होतील का?"

क्लेर्मोंनी वळून पाहिलं. अंगणात नोएमीच्या गाडीशिवाय काहीच नव्हतं. त्यांनी दुखऱ्या हातानं पाना उचलला आणि नातीच्या गाडीमागची मोकळी जागा दाखवली.

"रांगेत लाव," ते म्हणाले.